सुईणीविना बाळंतपण : निवड की नाइलाज?

डॉक्टर नको, सुईणही नको, घरीच बाळंत व्हावे, हा विचार शहरी सुशिक्षितांत अधूनमधून डोके वर काढतो. २०१८ साली तमिळनाडूतील तिरुपूर येथे असे बाळंतपण झाले. अतिरक्तस्रावाने ती माता दगावली.

तथापि या विचाराची नुसती टवाळी करून भागणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारांतील एक बाळंतपण शस्त्रक्रियेने होते. प्रसूतीचा बाजार मांडला गेला, की घराची ओढ वाटणारच.

परंतु डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय स्त्रीने घर निवडले, तरी अडचणीच्या वेळी रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. त्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या रस्ता नसलेल्या पाड्यांवरून गर्भवतीला झोळीत घालून न्यावे लागते. वीटभट्टीवर गेलेली कातकरी स्त्री तर सरकारी नोंदीतूनही निसटते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेतो. पर्यायच पोहोचत नाही तेथे निवडीच्या स्वातंत्र्याची भाषा ही क्रूर थट्टा होय. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने गरीब ग्रामीण मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी ७०० रुपये देऊ केले. पण रुपयांनी ओढा ओलांडता येत नाही.

अनावश्यक शस्त्रक्रिया आणि एकाकी घर यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे : प्रशिक्षित सुईण. केंद्राने २०१८ मध्येच परिचारिका-सुईणींच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती कागदावरून पाड्यावर आणणे, बारमाही रस्ता आणि सरकारी प्रसूतिगृहात सन्मानाची वागणूक, या मागण्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्या पाहिजेत. निवडीचा हक्क त्यानंतरच खरा ठरेल.