वेदना मोजायची कशाने?

ताप आला की डॉक्टर तापमापी लावतात. रक्तदाब मोजायलाही यंत्र आहे. पण वर्षभर कंबरदुखीने हैराण झालेला माणूस समोर बसला, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्याची वेदना मोजायची कशाने? हाती असतो फक्त त्या माणसाचा शब्द. शून्य ते दहापैकी आकडा सांगा, असे विचारतात खरे. पण एकाचा सहा आणि दुसऱ्याचा सहा सारखाच, हे कोणी ठरवायचे?

अशा वेळी मॉर्फिन किंवा तशाच अफूवर्गीय औषधाचा मोह होतो. आपल्या मेंदूत व मज्जारज्जूत काही चेतापेशींवर विशिष्ट ग्राही असतात. शरीर स्वतःच तयार करते ती एंडॉर्फिने तेथे बसतात. मॉर्फिन नेमकी तीच जागा पटकावते आणि वेदनेचा निरोप दबतो. मात्र महिनोन्‌महिने घेतल्यावर पेशी त्याला सरावतात. मात्रा वाढवावी, तर श्वसन मंदावण्याची भीती; एकदम थांबवावी, तर घाम, जुलाब, तळमळ!

अमेरिकेत काय झाले पाहा. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे पत्र छापून आले: अशी औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडल्याची नोंद केवळ चौघांची. हे रुग्ण इस्पितळात दाखल झालेले होते, घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणारे नव्हेत. तरीही त्या पत्राचा हवाला सर्रास दिला गेला. १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आले, व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार झाला आणि भराभर चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. मृत्यू वाढले, तेव्हा २०१६ मध्ये सावधगिरीच्या सूचना निघाल्या. त्यांचा अर्थ इतका ताठर लावला गेला, की कित्येक जुन्या रुग्णांचे औषध झटक्यात तोडले गेले. २०२२ मध्ये सूचना सुधाराव्या लागल्या.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. अफू कायदेशीरपणे पिकवणारा आपला देश. पण १९८५ च्या कायद्याच्या धाकाने कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळेनासे झाले. कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये.

मग सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारावा काय? मला तसे वाटत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कंबर, गुडघे वा खुबे दुखणाऱ्या २४० जणांना वर्षभर औषधे दिली. अफूवर्गीय औषधे इतर वेदनाशामकांहून सरस ठरली नाहीत. पण हे रुग्णाला समजावून द्यायला, व्यायाम शिकवायला वेळ लागतो. चिठ्ठी मिनिटात लिहून होते, आणि बाहेर रांग असते.

समजा, गोळीने आठाचा आकडा सहावर आला, पण माणूस अंथरुणातच आहे. दुसऱ्याचा आकडा सातच राहिला, पण तो बाजारातून भाजी आणू लागला. दोघांपैकी गुण कोणाला आला? वर्गात यावर वाद घालून पाहा.