अत्यावश्यक म्हणजे काय?

मंडळी, गेले दोन महिने आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "नव्या बाळासाठी अत्यावश्यक वस्तू" अशी एक यादी फिरते आहे. माझ्या थोरल्या नातीला सातवा लागलाय. पहिलटकरीण आहे, त्यामुळे जो तो यादीत भर घालतो. काल मोजल्या तर एकेचाळीस वस्तू झाल्या होत्या. नातजावयांनी बेरीज केली, ती सव्वा लाखाच्या वर गेली आणि आता हप्त्यांची बोलणी सुरू आहेत. गटावर मी काही लिहिलं की "आजी, काळ बदलला" एवढंच उत्तर येतं. म्हणून जरा सविस्तर इथे लिहिते. नातेवाईक मंडळींनी रागावू नये, पण वाचावं जरूर!

चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे पहिला आक्षेप शब्दालाच. ज्यावाचून अडतं ते अत्यावश्यक. बाळाला पुसायचे ओले कागद कोमट ठेवणारा विजेचा डबा यादीत आहे. ज्या सोलापुरात मे महिन्यात नळाला आपसूक गरम पाणी येतं, तिथलं माहेरपण व्हायचं आहे, बरं का!

आपल्या भाषेत या यादीला फार नेमका शब्द आहे... बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी, एखादी मऊ गोधडी. बहुतेक सगळं जुन्या सुती साड्या-धोतरांचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि ते शिवणारी आत्या, मावशी, काकू पुढे बाळाला मांडीवर घ्यायलाही हजर असायची. वस्तूबरोबर माणूस यायचं.

हे काही फक्त आपलंच शहाणपण नाही. फिनलंड देशात १९३८ पासून सरकार गरीब बाळंतिणींना बाळाच्या कपड्यांचं एक खोकं देऊ लागलं, १९४९ पासून ते सगळ्याच आयांना मिळू लागलं. आत गादी असते, खोकंच बाळाचा बिछाना होतं. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत आईने तपासणीला यायचं. खोक्याच्या निमित्ताने आई डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली यायची. त्या यादीत विकणाऱ्याचा हात नव्हता, हा मुद्दा लक्षात घ्या.

आता "काळ बदलला" याविषयी. बदलला, आणि बरंच झालं. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत. २०२३ साली हा आकडा २५ वर आला. बाळ जन्मायच्या आधी पाळणा आणू नये ही जुनी चाल कुठल्या भीतीतून आली, ते या आकड्यावरून कळेल. पण हा बदल कशाने झाला? लसींनी, दवाखान्यातल्या बाळंतपणांनी, स्वच्छ पाण्याने, जुलाबात वेळेवर दिलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याने. आपोआप हलणाऱ्या पाळण्याने नव्हे!

यादी नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. बऱ्याच वस्तू माणसाच्या हाताची जागा घ्यायला काढलेल्या आहेत. आपोआप हलणारा पाळणा, कारण झोका द्यायला कोणी नाही. दोन खोल्यांच्या घरात बाळावर नजर ठेवायला कॅमेरा. बाटल्या, बाटल्या उकळायचं यंत्र, बाटली गरम करायचं यंत्र, म्हणजे एका बाटलीपाठोपाठ तिचा सगळा गोतावळा. या बाटल्यांच्या आणि पावडरच्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ साली तो कायदा आणखी कडक केला, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे डबाबंद आहारही त्यात आले. फुकट नमुने वाटायचीही मनाई आहे. जी वस्तू आईला भुलवून विकू नये म्हणून संसदेला कायदा करावा लागला, ती आपण बाळ जन्मायच्या आधीच सहा नगांनी घेऊन ठेवायची? काही आयांना दूध खरंच पुरत नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही. तेव्हा डॉक्टर सांगतील तसं करावं, वाटी-चमचा घरात असतोच.

तीच गोष्ट वॉकरची. कॅनडाने २००४ साली बाळाला आत बसवायच्या वॉकरची विक्रीच बंद केली, कारण मुलं त्यासकट जिन्यावरून कोसळत. शिवाय त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं. आपला पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि मागे कोणीतरी वाकून चालत असतं. पुन्हा माणूसच!

पाळण्याला लावायच्या मऊ गाद्यांच्या कडा सुंदर दिसतात, पण बाळाचा श्वास कोंडण्याच्या भीतीने अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून त्या विकायला बंदी केली. बाळाला सपाट, घट्ट बिछान्यावर उताणं निजवावं, आजूबाजूला उशी-खेळणी काही नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. याला एक रुपया लागत नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणत नाही. राईची उशी, डोळ्यांत काजळ, धुरी, मधाचं बोट... हे सगळं आजच्या डॉक्टरांनी नको म्हटलंय, आणि त्यांचं ऐकावं. रात्री आणि प्रवासात डायपर वापरावा, त्यात कसला आलाय कमीपणा! आणि मौज अशी की एकेचाळीस वस्तूंत मला हवी होती तीच एक नाही, ती म्हणजे गाडीतलं बाळाचं आसन. १४ वर्षांखालच्या मुलाला गाडीत पट्ट्याने किंवा खास आसनात बांधूनच बसवलं पाहिजे, नाहीतर हजार रुपये दंड, असं मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर भरधाव गाडीत आईची मांडी बाळाला धरू शकत नाही. इथे वस्तूच लागते, हाताचं काम नव्हे. पण हे आसन फोटोत गोंडस दिसत नाही ना!

आमच्या भवानी पेठेत मागांची खटखट ऐकत आणि विड्या वळणाऱ्या बायका बघत माझा जन्म गेला. एक पाय झोळीच्या दोरीला, हात तंबाखूत. मी या गरिबीचे गोडवे गाणार नाही. त्या बाईला तंबाखूच्या धुळीपासून लांब, दोन तास सलग झोप हवी असते. पुण्यातल्या माझ्या नातीलाही नेमकी तीच झोप लागणार आहे. फ्लॅट कितीही मोठा असो, बाळ रात्री तीनदा उठतंच. तिला कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळेल, पण नातजावयांना कंपनी देईल तेवढेच दिवस. मग सव्वा लाख कुठे घालायचे? माझं म्हणणं, ते दोघांच्या वेळेवर घाला. नातजावयांनी महिनाभर बिनपगारी रजा घ्यावी. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई ठेवा, स्वयंपाकाला कोणी ठेवा, आणि त्यांना पैसे देताना घासाघीस करू नका.

आता नातेवाईकांना सांगणं. बारशाला यंत्रं आणू नका. झबली सहा, लंगोट दोन डझन, दुपटी सहा आणि आपल्या सोलापूरचे चार टॉवेल एवढं मी बघते. आसनासाठी सगळ्यांनी मिळून वर्गणी काढा. आणि प्रत्येकाने आहेर म्हणून चार-चार रात्री लिहून द्या, की या रात्री बाळाला मी सांभाळेन. पाजायला तेवढं आईपाशी द्यायचं, बाकी उठणं-निजवणं आपलं. माझ्या चार मी लिहून ठेवल्या आहेत. गुडघे दुखतात, पण बसून थोपटायला गुडघे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी नुकतं बाळ आलंय त्यांनी जरूर कळवा, तुमच्या यादीतलं खरंच काय काय वापरलं गेलं?