भीती फेसवॉशची, भरवसा ट्यूबवर

बाळासाठी प्रयत्न सुरू करणाऱ्या मुली हल्ली मोबाइलमध्ये यादी घेऊनच येतात. पॅराबेन नको, सल्फेट नको, सॅलिसिलिक अ‍ॅसिड तर नकोच नको. साधा फेसवॉशसुद्धा घाबरून फेकलेला असतो. मग मी विचारते, "आणखी काय लावतेस?" तेव्हा पर्समधून एक चेपलेली ट्यूब निघते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. वांगासाठी मेडिकलवाल्याने दिलेली, दीड वर्षं रोज रात्री चालू.

ही ट्यूब त्या यादीत नसते. कारण यादी करणाऱ्यांना तुम्हाला दुसरा फेसवॉश विकायचा असतो. 'प्रेग्नन्सी सेफ', 'केमिकल-फ्री' हे दुकानदारीचे शब्द आहेत. (केमिकल नसलेलं पाणी कुठे मिळतं, तेही सांगा!) फेसवॉशमधलं थोडंसं सॅलिसिलिक अ‍ॅसिड मिनिटभरात धुऊन जातं. हायड्रोक्विनोनचा मात्र एक तृतीयांशाहून जास्त भाग त्वचेतून शरीरात शोषला जातो. त्याने गर्भाला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण निव्वळ रंगासाठी ही जोखीम घ्यायची कशाला?

2018 साली सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये एकदा मागून बघा.

त्याहून मोठा धोका गोळीचा. लग्न ठरलं की मुलीचे पिंपल्स 'तारखेच्या आत' घालवायचे असतात, म्हणून आयसोट्रेटिनॉइन सुरू होतं. औषध उत्तम आहे, पण पोटात असताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर दोष येऊ शकतात. गोळी बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही. हे मुलीला कोण सांगतं? हॉल, मेनू, मेंदी सगळ्यावर चर्चा होते, गर्भनिरोधनाचं नाव निघालं की घर गप्प.

"पाळी चुकली की बंद करीन" हेही चालत नाही. गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटते. तेव्हा पाळी जेमतेम दोन आठवडे लांबलेली असते.

ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन ही लावायची मलमं रक्तात फार कमी जातात. तरी प्रयत्न सुरू करतानाच थांबवा. मात्र नकळत लावलं गेलं म्हणून गर्भपाताचा विचार मनात आणू नका.

आणि ब्युटिशियनकडच्या बिनलेबलच्या गोऱ्या करणाऱ्या डब्या! आपल्या नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा शरीरातून सावकाश जातो आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. अशी डबी वापरली असेल तर लाजू नका, सांगा; लघवीतला पारा तपासता येतो.

वांगासाठी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, नायसिनामाइड आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन या काळात चालतं. रंग हळू उजळेल. सासूबाईंना घाई असेल तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

ट्यूब फेकण्याआधी तिच्या नावाचा फोटो काढून घ्या. महिनोन् महिने लावलेलं स्टेरॉइड थांबलं की चेहरा लाल होतो, आग होते, आणि बहुतेक जणी घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतात. त्याऐवजी तो फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि बाळाचा विचार आहे हे आधी सांगा.