बाटलीतला जिवाणू आणि बाटलीवरची भाषा



धानाची रोवणी आटोपली की कृषी सेवा केंद्रात दरवर्षी एकच प्रश्न : खोडकिड्यावर काय देता? दुकानदार जे काढून देईल ते आपण उधारीवर घेतो. आता विषारी औषधाच्या जोडीला 'जैविक' बाटलीही पिशवीत पडते. तिच्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. जिवाणू खरा आहे; व्यवहार खरा व्हायला हवा.

हा जिवाणू म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी. तो मातीत राहतो. १९०१ साली जपानात इशिवाता यांना तो रोगट रेशीमकिड्यांत दिसला. १९११ साली जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नाव पडले. त्याच्या पोटी प्रथिनाचा खडा तयार होतो. अळीने पानाबरोबर तो गिळला की आतड्यात विरघळून आतडे फाडतो. अळी खाणे सोडते व दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या, गुराच्या पोटात तो असे करीत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. ते ज्यांनी पाहिले त्यांना या गुणाचे मोल सांगायला नको.

पण बाटलीच्या मर्यादा कोण सांगतो? पाने गुंडाळणारी अळी पान खाते, तिच्यावर बीटी चालतो. खोडकिड्याची अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच खोडात शिरते. मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. पतंग आणि अंडीपुंज दिसताच फवारले तर उपयोग. गाभामर दिसल्यावर फवारणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. तुडतुडे रस शोषतात, त्यांच्यावर ही बाटली वाया. कडक उन्हात जिवाणूचा जोर ओसरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. आणि भंडारा-गडचिरोलीत बांधीजवळच्या ऐनावर कोसा असेल तर फवारा तिकडे जाऊ देऊ नये. कोशाची अळीही अळीच आहे.

एवढे ज्ञान न देता बाटली विकली जाते. कुठे ती युरियाच्या पोत्याला बांधून गळ्यात मारली जाते. उन्हात तापलेली, मुदत संपलेली बाटली फवारली की गुण येत नाही. मग शेतकरी म्हणतो, जैविक सारे थोतांड. आणि दुप्पट विष मारतो. दोष जिवाणूचा नसतो, शिक्षा मात्र आपल्याला.

जैविकाची पूजा मांडणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. एकाच हत्यारावर विसंबले की कीड ते पचवते. बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळीने हे शिकवले आहे. पाहणी, मित्रकिडी, वेळेवर रोवणी यांच्या जोडीनेच हा जिवाणू टिकेल.

जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या तीन. दुकानातल्या जैविक बाटल्यांचे नमुने हंगामापूर्वी तपासून निकाल गावोगाव लावावेत. कोणती कीड मरते आणि कोणती मरत नाही, हे बाटलीवर ठळक मराठीत छापावे. खताबरोबर सक्तीने बाटली विकणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा.

आम्ही अनुदान मागत नाही. पैसे आम्ही मोजतो. बाटलीत काय आहे ते आम्हाला मोजून मिळाले पाहिजे.