नोंदच नको?

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील ‘प्रॅम्स’ या माता-पाहणीच्या पथकाला एप्रिल २०२५ मध्ये सक्तीच्या रजेवर धाडणे ही काटकसरीच्या नावाखाली केलेली डोळेझाक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२३ मध्ये तेथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १९ वरून १४.५ वर उतरले. कृष्णवर्णीय मातांचे प्रमाण मात्र ५०.३, म्हणजे पन्नाशीतच अडकलेले. गरिबी वा अल्पशिक्षणाकडे बोट दाखवून ही दरी झाकता येणार नाही. पदवीधर कृष्णवर्णीय महिलेचा धोकाही शाळा पूर्ण न केलेल्या गोऱ्या महिलेपेक्षा जास्त असल्याचे याच केंद्राने २०१९ मध्ये दाखवून दिले होते.

मृत्यूचे दाखले किती जणी गेल्या, हे सांगतात. तपासणी कधी सुरू झाली, रक्तदाबाचा त्रास होता का, बाळंतपणानंतर डॉक्टरांपर्यंत पोहोचता आले का, हे वाचलेल्या मातांना विचारून कळते. ‘प्रॅम्स’मधून ते विचारणेच थांबले, तर आरोग्ययंत्रणेला जाब विचारण्याचा आधार जातो.

पथकाचे काम पूर्ववत व्हावे आणि अमेरिकी काँग्रेसने या पाहणीचा निधी कायद्याने बांधून द्यावा. अन्यथा पुढची घटही गोऱ्या मातांच्याच वाट्याला येईल आणि त्यामागचे कारण शोधायला पुरावाही उरणार नाही.