प्रिंटर बिघडला म्हणण्याआधी दहा मिनिटं द्या



'प्रिंट होत नाही' या विषयावरच्या व्हिडिओत सगळ्या स्टेप्स दाखवल्या आहेत. इथे माझं मत सांगतो, काहींना खटकेल. प्रिंटर थांबला की लगेच टेक्निशियनला फोन लावायचा, ही सवय छोट्या धंद्याला महाग पडते. आणि चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी तर फारच महाग.

मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. धुकं एवढं की समोरचं दुकान दिसेना. एक बाई खालच्या गावावरून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या. अर्ज भरला, पैसे दिले, पण पोच काही निघेना. केंद्रावरच्या पोराने प्रिंट दाबलं. नाही निघालं. पुन्हा दाबलं. असं सात वेळा. मग परतवाड्याला फोन. तिकडून उत्तर, "आज घाट चढणं नाई होत दादा, उद्या पाहू." बाई म्हणाल्या, "भाऊ, माही गाडी चालली जाईन."

मी मदतीला उठलो, पण मीही आधी केबल काढ-घाल करण्यात वेळ घालवला. नंतर सुचलं म्हणून मशीनच्या काचेवर कागद ठेवून झेरॉक्स काढली. स्वच्छ आली! म्हणजे मशीन ठणठणीत. दोष कॉम्प्युटरकडे. रांग उघडून पाहिली, तर सकाळची एक मोठी स्कॅन फाइल सगळ्यांच्या पुढे अडकून बसलेली. ती काढली आणि धडाधड सात पोचपावत्या बाहेर पडल्या. तोवर एसटी गेली होती. बाईंना रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम करावा लागला. मशीनमध्ये बिघाड शून्य, आणि एका माणसाचा दिवस गेला.

म्हणून म्हणतो, 'प्रिंटर बिघडला' हे वाक्य बोलण्याआधी एकच प्रश्न विचारा: बिघाड मशीनमध्ये आहे की मशीनच्या बाहेर? ऑल-इन-वन असेल तर झेरॉक्स काढून पाहा. साधा असेल तर त्याच्या बटणावरून टेस्ट पेज काढा. कॉम्प्युटरचा संबंध नसताना कागद नीट आला, तर मशीन उघडायची गरजच नाही. अर्धी शोधाशोध तिथेच संपते.

मशीन ठीक असेल तर आधी रांग पाहा. रेशनच्या लाइनीत पहिलाच माणूस खिडकीशी अडून बसला तर मागचे पन्नास थांबतात, तसंच हे. पुन्हा पुन्हा प्रिंट दाबणं म्हणजे त्याच लाइनीत आणखी माणसं उभी करणं. अडकलेली फाइल डिलीट होत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवा, सिस्टिम३२ मधल्या 'स्पूल' फोल्डरच्या आतलं 'प्रिंटर्स' फोल्डर रिकामं करा आणि स्पूलर परत चालू करा. फोल्डर उडवू नका, फक्त आतल्या फाइली काढा. सगळ्यांचीच थांबलेली कामं जातात, म्हणून आधी विचारून घ्या.

मग दोन गोष्टी तपासा. डिफॉल्ट प्रिंटर भलताच तर निवडला गेला नाही ना? आणि 'ऑफलाइन' तर दाखवत नाही ना? लाइट जाऊन आली की राउटर कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. माझं स्पष्ट मत: एका टेबलाच्या दुकानात वाय-फायची हौस नको. यूएसबी केबल लावा, सुखी राहा.

'काल तर चालू होता जी,' असं म्हणत असाल तर कालपासून काय बदललं ते आठवा. हे मोठमोठ्या ऑफिसांनाही भोगावं लागलंय. २०२१ मध्ये विंडोजच्या याच स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची सुरक्षेची त्रुटी सापडली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या दिल्या, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभर कितीतरी ठिकाणी नेटवर्कवर शेअर केलेले प्रिंटर थांबले. मशीन तेच होतं, बदललं होतं दुसरंच काही.

झेरॉक्सही आली नाही तर कागदाकडे बघा. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. पावसाळ्यात धुकं खोलीत शिरतं आणि ट्रेमधला कागद ओल धरतो. पानं चिकटतात, दोन-दोन ओढली जातात, जाम होतात. लेझरमध्ये तर कागद सुमारे २०० अंश तापलेल्या रोलरमधून जातो, ओला असला की वळतो. म्हणून रिम बांधून ठेवा, ट्रेमध्ये वीस-तीसच पानं घाला. लॉजवाल्यांनो, सीझन संपला की इंकजेट तसाच सोडू नका. आठवड्याला एक रंगीत पान काढलं तर हेड सुकत नाही. आणि लेझर छोट्या यूपीएसवर लावू नका, तापताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस बसतो.

काही जण म्हणतील, "सर, आम्ही धंदा करावा का मशीन दुरुस्त करावी?" बरोबर आहे. रोलर तुटला, जळका वास आला, साफ करूनही जाम थांबेना, तर हात लावू नका. टेक्निशियनलाच बोलवा. पण त्याला 'चालत नाही' एवढंच सांगू नका. 'झेरॉक्स येते, प्रिंट येत नाही' असं सांगा. अर्ध्या वेळा तो फोनवरच सोडवून देईल, नाहीतर योग्य पार्ट घेऊनच घाट चढेल.

एक काम आजच करा. ऑफिसातल्या एका माणसाला प्रिंटरची जबाबदारी द्या आणि या स्टेप्स कागदावर लिहून मशीनशेजारी चिकटवा. हाताने लिहा बरं का. प्रिंटर बंद असताना तो कागद कुठून काढणार?

समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला तुमचा स्पूलर माहीत नसतो. त्याला फक्त शेवटची गाडी माहीत असते.

भेटू पुढच्या व्हिडिओत.