नोबिताचं मैदान, टोकियोचं तिकीट आणि आपला शाळेचा रस्ता

गेले तीन आठवडे रात्री अकरानंतर मी टोकियोत असतो. म्हणजे मोबाईलवर. दिवसा तहसील, कांद्याचे भाव, टँकर, कुणाचा तरी सत्कार. रात्री जेवणं आटोपली की शिंजुकू स्टेशनचा अभ्यास. त्या एका स्टेशनला दोनशेपेक्षा जास्त एक्झिट आहेत, त्यातल्या कुठल्या एक्झिटला लिफ्ट आहे ते शोधत बसतो.

पत्रकाराकडे एवढे पैसे आले कुठून, हे कॉमेंटमध्ये कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. मेहुणा टोकियोत निशि-कासाई भागात राहतो, आयटीत आहे. तीन वर्षं बोलावतोय. राहणं-खाणं त्याच्याकडे. विम्याची एक पॉलिसी मार्चमध्ये मॅच्युअर होतेय. ते पैसे गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला लावायचे की मुलांना जग दाखवायला, यावर घरात मतदान झालं. तीन विरुद्ध एक असा माझा पराभव झाला. आता मी पराभूत उमेदवारासारखा मनापासून कामाला लागलोय.

निशि-कासाई एडोगावा वॉर्डात येतं. टोकियोतल्या भारतीयांची मोठी वस्ती तिथे. याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली आपल्या महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतात जन्मलेले ते पहिले. सांगायचा मुद्दा, मेतकूट-भात मिळेल याची बायकोला खात्री पटली. बाहेर खाताना मात्र शाकाहारी माणसाची पंचाईत आहे. दिसायला साध्या वाटणाऱ्या सूपमध्येही 'दाशी' असतं, म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क. त्यामुळे थेपले आणि लाडूंचा एक डबा कायम पाठीवरच्या बॅगेत राहणार.

कधी जायचं, हे आपल्या शाळांच्या सुट्टीवर ठरतं. एप्रिलच्या शेवटापासून ५ मेपर्यंत तिकडे 'गोल्डन वीक'ची सुट्टी असते, अख्खा जपान घराबाहेर. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पावसाळा लागतो. म्हणून मेचा दुसरा पंधरवडा. आपल्याकडे ४३ डिग्री असेल तेव्हा तिकडे मुलं शर्टावर फिरतील. विसासाठी मुलांचे जन्मदाखले काढले, तर मुलाच्या दाखल्यात आणि पासपोर्टमध्ये नावाच्या स्पेलिंगमध्ये एका 'ए'चा फरक निघाला. ती कथा वेगळ्या पोस्टची.

मुलांची यादी एका ओळीची आहे: डोरेमॉन. टोकियोला लागून कावासाकीत डोरेमॉनच्या जनकाचं, फुजिको एफ. फुजिओ यांचं म्युझियम आहे. तिकीट आधीच काढावं लागतं, तारीख आणि वेळ ठरवून. मिताकाच्या गिब्ली म्युझियमचंही तसंच. दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची तिकिटं विक्रीला येतात आणि बघता बघता संपतात. गिब्लीला मोठ्यांना १००० येन, सात ते बारा वर्षांच्या मुलांना ४००, चार ते सहा वर्षांच्यांना १००. येन सध्या साठ पैशांच्या आत-बाहेर आहे, हिशोब करा. डिस्नेलँडचं एका मोठ्या माणसाचं तिकीट या सगळ्यापेक्षा महाग. तिथे मात्र मी ठामपणे नाही म्हणालो. बघू किती दिवस टिकतो.

आमचा धाकटा साडेपाच वर्षांचा. लोकल आणि मेट्रोत एका मोठ्या माणसाबरोबर सहा वर्षांखालची दोन मुलं फुकट. मोठी नऊ वर्षांची, चौथीत. तिला अर्धं तिकीट. मुलांचं प्रवासाचं कार्ड वेगळं मिळतं, ते गेटला टेकवलं की पिल्लाच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. म्हणजे उभ्या असलेल्या स्टेशनवाल्याला कळतं की अर्ध्या तिकिटाचं माणूस गेलं.

हा आवाज मी मुलीला युट्यूबवर ऐकवला आणि तिथेच फसलो. तिने विचारलं, "पप्पा, मुलांचं वेगळं कार्ड कशाला? आई-बाबांबरोबरच जाणार ना?"

मी सांगितलं, नाही गं, तिथली मुलं एकेकटी पण जातात. पहिलीतली सुद्धा. पिवळी टोपी घालून, पाठीवर चामड्याची चौकोनी बॅग घेऊन शाळेत चालत जातात. काही तर लोकल बदलून जातात. मग तिला ते लहान मुलांना एकटं दुकानात पाठवतात त्या जपानी कार्यक्रमाचे दोन भाग दाखवले. १९९१ पासून तिकडच्या टीव्हीवर चालतोय तो. अर्थात त्यात कॅमेरावाले मागे-पुढे असतात, हेही सांगितलं.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग मी का नाही जात चालत?"

आमच्या घरापासून तिची शाळा ९०० मीटर. मी रोज स्कूटीवर सोडतो. मेमध्ये सहा-साडेसहा हजार किलोमीटर लांब जाऊन तिला दाखवणार, की बघ, इथली मुलं कशी चालत शाळेत जातात. आणि परत आल्यावर तिला पुन्हा स्कूटीवर बसवणार.

मंडळी, त्या ९०० मीटरवर मी परवा चालत गेलो. बातमीसाठी नाही, बाप म्हणून. आपल्यापैकी निम्म्या लोकांची मुलं त्याच रस्त्याने जातात, त्यामुळे वर्णनाची गरज नाही, तरी करतो. सिमेंटचा नवा रस्ता मधे उंच, कडेला एक फूट खोल कड. त्या कडेला उघडं गटार. गटारावर जिथे ढापे आहेत तिथे मोटारसायकली लावलेल्या. चौकाच्या वळणावर उसाची ट्रॉली वळते तेव्हा पायी माणसाने उभं कुठे राहायचं? उत्तर: गटारात. झेब्रा क्रॉसिंग शून्य. शाळा पुढे आहे असं सांगणारा बोर्ड एक, तो वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. फोटो काढलाय, कुणाचा वाढदिवस ते झाकलंय.

मागच्या जूनमध्ये त्याच वळणावर सायकलवरच्या एका सातवीतल्या पोराचा पाय मोडला. बातमी मीच केली होती, तीन कॉलम, फोटोसह. 'नागरिकांमधून संताप व्यक्त होत आहे' हे वाक्यही मीच लिहिलं होतं. त्यानंतर मी एकदाही विचारायला गेलो नाही, की त्या वळणाचं काय झालं. संताप नागरिकांचा होता, मी बातमी देऊन मोकळा. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण आज दुसऱ्यांना बोलायचंय तर आधी हे सांगायला हवं.

आता 'जपानची गोष्ट वेगळी, ते श्रीमंत, शिस्तीचे' ही कॉमेंट येईल. तिच्यासाठी थोडे आकडे. १९७० साली जपानमध्ये रस्ते अपघातात १६,७६५ माणसं मेली. त्यात मुलं खूप होती. गाड्या भराभर वाढल्या होत्या आणि चालणाऱ्यांसाठी रस्त्यावर जागाच नव्हती. त्या काळाला तिथले लोक 'वाहतुकीचं युद्ध' म्हणतात. २०२२ साली तिकडे हाच आकडा होता २,६१०. आणि त्याच २०२२ साली आपल्या एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. जपानची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या घरात, आपलीही जवळपास तेवढीच. म्हणजे आपण आज १९७० च्या जपानात आहोत. शिस्त जपानी माणसाच्या रक्तात असती तर १९७० चा आकडा आला कुठून?

त्यांनी केलं काय, ते फार भारी नाही. १९५९ पासून टोकियोत शाळांच्या रस्त्यांवर बायका नेमल्या, मुलांना रस्ता ओलांडून द्यायला. लोक त्यांना 'मिदोरी नो ओबासान' म्हणायचे, म्हणजे हिरव्या मावश्या. त्यातून बायकांना रोजगारही मिळाला. १९५९ चा जपान म्हणजे काही श्रीमंत देश नव्हे, युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती. मग सत्तरच्या दशकात शाळांभोवती 'स्कूल झोन' आले. प्रत्येक शाळेचे येण्या-जाण्याचे रस्ते ठरलेले. कुठलं मूल कुठल्या गल्लीने येतं ते शाळेला माहीत. अशा बऱ्याच गल्ल्यांत शाळेच्या वेळेला गाड्यांना बंदी. हिरवी मावशी ठेवायला बुलेट ट्रेन लागत नाही.

आणि तिकडे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. जून २०२१ मध्ये टोकियोच्या शेजारच्या चिबा जिल्ह्यात याचिमाता गावी शाळेतून घरी चालत निघालेल्या पाच मुलांवर ट्रक गेला. ड्रायव्हर प्यायलेला होता. दोन मुलं गेली. तिथे गार्डरेल लावा म्हणून शाळेच्या पालकांनी काही वर्षं आधी मागणी केली होती, ती झाली नव्हती. वाचताना वाटलं, हे तर आपलंच गाव. फरक त्यानंतर दिसला. त्या अपघातानंतर सरकारने देशभरातले शाळांचे रस्ते तपासायला लावले आणि सत्तर हजारांहून जास्त धोक्याच्या जागा नोंदवल्या गेल्या. आपल्याकडे अपघातानंतर स्पीड ब्रेकर येतो. तोही कुठल्या नियमात न बसणारा, ज्यावर पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस पडतो.

मुलांसाठी एवढं करणाऱ्या त्या शहरात मुलंच कमी झालीत, ही आणखी एक गंमत. टोकियोचा जननदर २०२३ मध्ये ०.९९ वर आला. पाळणाघरातल्या मुलांच्या आवाजावर शेजारी तक्रारी करायला लागले, तेव्हा २०१५ मध्ये टोकियोला नियम बदलून सांगावं लागलं की लहान मुलांचा आवाज हा गोंगाट धरायचा नाही. मेहुणा सांगतो, बऱ्याच बागांत बॉल खेळायला मनाई आहे. नोबिता, जियान आणि सुनियो ज्या मोकळ्या प्लॉटवर सिमेंटच्या तीन पाइपांशी खेळतात, तसा प्लॉट आता टोकियोत शोधून सापडायचा नाही.

आपल्याकडे आहे की! कागदावर. लेआउट मंजूर करताना दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. आपल्या गावात गेल्या वीस वर्षांत किती लेआउट पडले, मोजा. त्या प्रत्येकात नोबिताचं एक मैदान नकाशावर आहे. आमच्या कॉलनीतल्या मैदानावर आज सभामंडप, त्याच्या मागे ट्रॅक्टर आणि उरलेल्या जागेत गाजरगवत. पाइप पण आहेत, पाणी योजनेचे, चार वर्षांपासून पडलेले. पोरं त्यांच्यावरच खेळतात.

आमच्या यादीत उएनोचं प्राणिसंग्रहालयही आहे. १८८२ चं आहे ते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, मोठ्यांना ६०० येन. तिथली एक गोष्ट मुलीला फार आवडली. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात जनावरं सुटतील या भीतीने तिथले प्राणी मारले गेले. तीन हत्ती होते, ते उपाशी ठेवून मारले. युद्धानंतर जन्मलेल्या, वाढलेल्या मुलांनी हत्ती पाहिलाच नव्हता. टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला एक हत्ती द्या. आणि १९४९ च्या सप्टेंबरात भारतातून खरोखर हत्तीण गेली. नाव इंदिरा. नेहरूंनी सोबत कळवलं, ही भेट माझी नाही, भारतातल्या मुलांची जपानमधल्या मुलांना आहे. इंदिरा १९८३ पर्यंत जगली.

हे ऐकून पोरगी वही घेऊन बसली. नेहरू आता नाहीत म्हटल्यावर तिने विचारलं, "आपल्या गावात कोण असतं?" मी म्हटलं, मुख्याधिकारी. तिने त्यांना लिहिलंय. हत्ती मागितलेला नाही. शाळेच्या वळणावर एक पांढरे पट्टे आणि गटारावर झाकण मागितलंय. खाली 'मी चालत येईन' असं लिहून सही केलीय.

मी माझा वेगळा अर्ज केलाय. त्यात चौकापासून शाळेपर्यंत एका बाजूने तरी सलग चालायची जागा, ढाप्यांवरची वाहनं हटवणं, सकाळी साडेनऊ ते साडेदहा ऊस ट्रॉल्यांना त्या रस्त्यावर बंदी आणि आमच्या कॉलनीसह सगळ्या लेआउटमधल्या ओपन स्पेसची यादी, आजच्या स्थितीसह. यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्जही सोबत जोडलाय. आणि बचत गटातल्या दोन बायकांना शाळा भरताना-सुटताना मानधनावर उभं करता येईल का, असंही विचारलंय. शिट्टी आणि हिरवं जाकीट पालक वर्गणीतून देऊ, ते माझ्याकडे लागलं.

सोमवारी सकाळी अकराला नगरपालिकेत जातोय. आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय उठणार नाही. ज्यांची मुलं त्या रस्त्याने जातात त्यांनी यावं. मुलांची पत्रं असतील तर घेऊन या, पेन्सिलीने लिहिलेली चालतील. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. मेहुणा ओरडतोय, भाव वाढतायत म्हणून. सोमवार झाला की काढतो.